आठ तारखेचे वीस नग

१

फाईल क्रमांक सदतीसमध्ये विजेची बिलं निघाली.

पोलिसांनी जप्त केलेल्या कागदांची यादी सृष्टी गांगुर्डेने माझ्या टेबलावर पसरली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. ‘फाईल क्र. ३७, वीज देयके, पाने अकरा.’ मॅडम, आमची लाइट बिलं चार नंबरच्या फायलीत असतात. सदतीसमध्ये महेश खोडेंच्या ऑर्डरचे कागद होते. फायलींवर नंबर मीच टाकलेत."

सृष्टी वीस वर्षांची, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. तिचे वडील धम्मपाल गांगुर्डे यांचा अंबडला चार मशीनचा गाळा. आयटीआय करून टर्नर म्हणून लागलेला माणूस, वीस वर्षांत स्वतःचा मालक झालेला. नऊ दिवसांपूर्वी त्यांना अटक झाली होती.

मी मनीषा कापडणीस. नाशिकच्या कोर्टात चोवीस वर्षं फौजदारी वकिली करते आहे. असं प्रकरण माझ्याकडे आधी कधी आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये महेश खोडे नावाचा व्यापारी गांगुर्डेंकडे एक ड्रॉइंग घेऊन आला. तांब्याच्या पिना, व्हॉल्व्हसाठी. चोवीस सप्टेंबरच्या संध्याकाळी चांदवडजवळ नाकाबंदीत खोडेची गाडी तपासली गेली. त्यात तांब्याचे साठ नग आणि बारीक पोलादी पिनांची डबी सापडली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पोलीस गाळ्यावर. तज्ज्ञांनी पाहून सांगितलं की या व्हॉल्व्हच्या पिना नव्हेत, रायफलच्या भरीव गोळ्या आहेत.

लोकांना वाटतं, दारू भरली तरच काडतूस. शस्त्र कायदा तसं मानत नाही. काडतुसाचा सुटा भागही दारूगोळ्यात मोडतो, आणि परवान्याशिवाय तो घडवला तर शिक्षा सात वर्षांपासून पुढे. शिवाय साठातले वीस नग वेगळे होते. ते आतून पोखरून पोलादी पिनेसाठी जागा केलेली होती. म्हणजे चिलखत भेदणारी गोळी, मनाईतला माल. तिथे शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते.

हे शेवटचं मी सृष्टीला सांगितलं नाही. एवढ्या मुलीला पहिल्याच दिवशी दहाचा आकडा सांगवेना.

"ऑर्डरवर स्पष्ट ‘व्हॉल्व्ह पिन’ लिहिलं होतं," ती म्हणाली. "ती सापडली तर पप्पांना फसवलंय हे दिसेल ना?"

"बरंच काही दिसेल."

"मग कुणीतरी ती मुद्दाम काढलीय."

गाळ्यावरच्या फायलींच्या कपाटापर्यंत कोणाचा हात पोचतो, असं मी विचारलं. तिने वहीचं पान फाडून नावं लिहिली. इंग्रजी आकडे, इंजिनियरिंगच्या मुलांचं असतं तसं ताठ अक्षर. योगेश निकम, मशीन लावून देणारा सेटर. सोमा भोये, जुना लेथवाला. कारभारी, वॉचमन. क्षणभर थांबून तिने चौथं नाव स्वतःचं लिहिलं.

"माझंही टाकते. नाहीतर यादी खरी होणार नाही." मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली, "पप्पांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही, मॅडम. ज्यानं ही फाईल काढली त्याला शोधा. मग तो कोणीही असो."

२

नाशिकरोडच्या जेलात जाळीपलीकडे धम्मपाल बसले. गाल बसलेले, दाढी वाढलेली, पण बोलणं शांत.

"जय भीम, मॅडम. सृष्टी कॉलेजला जाते ना?"

"जाते. सदतीस नंबरची फाईल कुणी काढली?"

"माहीत नाही."

"तुमच्या बाजूचा तेवढाच कागद आहे. कुणावर संशय?"

"कुणावर नाही. माझी माणसं चांगली आहेत." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "तुम्ही लिहून घ्या. साठही नग मीच केले. चाळीस नग अठ्ठावीस ऑगस्टला आणि वीस नग आठ सप्टेंबरला. दोन्ही पाकिटांवरच्या चिठ्ठ्याही माझ्याच हातच्या आहेत."

चिठ्ठ्यांबद्दल मी विचारलंच नव्हतं.

खोडेच्या गाडीत सापडलेल्या पाकिटांवरच्या त्या चिठ्ठ्यांचे फोटो माझ्याकडे होते. एका पाकिटावर मराठी आकड्यांत ‘४० नग’. दुसऱ्यावर इंग्रजीत वीसचा आकडा आणि आठ सप्टेंबर ही तारीख. मी दोन्ही फोटो जाळीला लावले. "एकाच माणसाने एकदा मराठीत लिहिलं, एकदा इंग्रजीत?"

"माणूस कधी असं लिहितो, कधी तसं."

खोडेच्या जबाबात काय आहे ते मी वाचून दाखवलं. ‘सदर माल गांगुर्डे यांनी गाळ्यावर माझ्या ताब्यात दिला.’ एवढंच. पुढे त्याने वकिलाच्या सल्ल्याने तोंड बंद केलं होतं. धम्मपालांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. त्यांनी मान हलवली, आणि खांदे जरासे सैल झाल्यासारखे वाटले.

मग मी शिक्षांचं सांगितलं. भरीव नगांचे सात, पोखरलेल्यांचे दहा.

"कमीत कमी दहा?"

"सिद्ध झालं तर."

"आणि करणाऱ्याला माहीतच नसलं, की हे काय आहे? तर?"

"कायदा तेही ऐकतो. पण खटल्याच्या शेवटी ऐकतो. तोवर तीन-चार वर्षं जातात, आणि त्यातला किती काळ आत काढावा लागेल ते जामिनावर."

शिपायाने वेळ संपल्याची खूण केली तेव्हा उठता उठता म्हणाले, "एक विनंती आहे. ती फाईल तुम्ही शोधू नका."

३

पक्षकार म्हणाला म्हणून शोध थांबवणाऱ्यातली मी नाही. अर्धे पक्षकार स्वतःच्या फायद्याचं काय ते ओळखत नाहीत. त्या वेळी मला धम्मपालही त्यातलेच वाटले.

गाळ्यावर काचेच्या दाराच्या, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला पोलिसांचं सील होतं. काम बंद होतं, तरी योगेश आणि सोमा सवयीने येऊन बसत. योगेश अठ्ठावीसेक वर्षांचा, कळवणकडचा. माझा काळा कोट पाहूनच त्याच्या कपाळावर घाम आला.

"पहिले चाळीस सरांनी आणि मी मिळून काढले," तो म्हणाला. "भरीव होते. भोकाचं ड्रॉइंग मी डोळ्यांनी पाहिलं नाही."

"आठ सप्टेंबरला मशीन कुणी चालवलं?"

"मी नव्हतोच इथं. पाच ते बारा पुण्याला ट्रेनिंगला होतो." त्याने मोबाईल काढून रोजच्या हजेरीचे फोटो दाखवले. आठ दिवस, आठ फोटो, वर्गात तो पुढच्या बाकावर.

"मग कुणी?"

"सर म्हणतात ना, त्यांनी."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही, मॅडम. मला दोन लेकरं आहेत."

तो घाबरलेला होता, पण खोटं बोलत नव्हता. घाबरणं आणि खोटं बोलणं यांतला फरक ओळखता आला नसता तर मी या धंद्यात टिकले नसते.

सोमा भोये पेठ भागातला, साठीला आलेला. हाताने चालवायच्या लेथशेजारी स्टुलावर बसून तो फडक्याने लेथचा चक, काम पकडणारा जबडा, पुसत होता, जणू आत्ता काम लागणार आहे.

"त्या काचेच्या मशीनला मी हात बी लावत नाय," तो म्हणाला. "बटणांचं काम आपल्याला जमत नाय. पण बाई, ते काम तं शेठनी बंद केलं व्हतं."

"कोणतं?"

"तेच, तांब्याचं. त्या बोर्डावर आमी कामाची कार्डं लावतो. चार तारखेला शेठ आले, ते कार्ड काढलं न खिशात घातलं. मला म्हणले, सोमा, हे काम आपल्याला नको."

"चार सप्टेंबर? नक्की?"

"माझ्या नातीची पाचवी व्हती त्या दिवशी. शेठनी मला दुपारीच घरी सोडलं."

योगेशने चमकून सोमाकडे पाहिलं. त्यालाही हे माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी बोर्डासमोर उभी राहिले. ज्या माणसाने चार तारखेला काम बंद केलं, तोच मला सांगत होता की आठ तारखेला त्याने वीस नग केले. आणि तेही आधीपेक्षा भयंकर.

४

कारभारी निफाडकडचा, रात्रपाळीचा वॉचमन. संध्याकाळी ड्यूटीवर येताना मी त्याला फाटकावरच गाठलं. पोलीस आले त्या सकाळचं काही वेगळं आठवतं का, एवढंच विचारलं.

"शेठ त्या दिवशी सातलाच आले. येरवी नवाला येतात."

"एकटेच?"

"न्हाई, संगं आजी व्हत्या. शेठच्या आई."

"आजी नेहमी येतात गाळ्यावर?"

"कधीच न्हाई. मी सात वर्सं हाय इथं, त्यांना पयल्यांदा पाहिलं. मी म्हणलं, आजी चहा आणू का. तं त्या म्हणल्या, नको, लगेच निघायचं हाय. दहा मिन्टांत शेठनी त्यांना रिक्षात बसवून दिलं."

"हातात काही होतं?"

कारभारीने आठवून पाहिलं. "जाताना कापडी पिशवी व्हती. येताना हात मोकळे व्हते."

मी गाडीत येऊन बसले, पण चावी फिरवली नाही.

चोर असता तर त्याने फाईलच उचलून नेली असती. रिकाम्या फायलीत दुसऱ्या फायलीतली बिलं भरत बसायला चोराला वेळ नसतो, आणि गरजही. बिलं भरतो तो माणूस, ज्याला पोलीस येणार हे माहीत आहे, ते फायली मोजतील हे माहीत आहे, आणि मोजणी बरोबर यावी असं ज्याला वाटतं. खोडे आदल्या संध्याकाळी पकडला गेला होता. एवढी बातमी गावात पोचायला एक रात्र पुरते.

फाईल काढणारा सापडला होता. तो जेलात होता, आणि मी त्याचीच वकील होते.

५

गांगुर्डेंचं घर सिडकोत, दोन खोल्या खाली, एक वर. सृष्टी कॉलेजला गेलेली होती. मी मुद्दामच ती वेळ साधली होती. धम्मपालांची बायको उज्वला पाणी घेऊन आली आणि समोर बसली. ती बोलायला लागली तेव्हा आधी कुणी तिला विचारलंच नव्हतं असं वाटलं.

"आधी ह्यांचा डेंग्यू, मग हे. श्वास घ्यायला सवड नाही मिळाली."

"डेंग्यू कधी?"

"सप्टेंबरात की. सहा तारखेला अॅडमिट केलं ते अकराला घरी आणलं. पेशी वीस हजारांवर आल्या होत्या. मी सहा दिवस दवाखान्यातनं हलले नाही. सृष्टीनंच घर पाहिलं, सासूबाईंना पाहिलं. गाळाही एकटीनं पाहिला. एक काम अडू दिलं नाही पोरीनं."

हे सांगताना तिचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा उजळला.

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"हे म्हणाले, आजारपणाचं काही बोलू नको, उगाच कागद वाढतात. सृष्टीलाही तेच सांगितलं. म्हणाले, मशीन कुणी चालवलं, कधी चालवलं, सगळं माझं मी बोलेन."

पाण्याचा ग्लास मी तसाच खाली ठेवला.

आतल्या खोलीत भिमाबाई खाटेवर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरात, नजर मात्र लख्ख. मी पिशवीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारलं, "त्यानं सांगितलं का तुला माझ्याकडं यायला?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही, आजी," मी म्हटलं.

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. मग उशीच्या अभ्र्यातून कागदांची घडी काढली. "मला म्हणला, आई, जपून ठेव, कुणाला देऊ नको. मला वाचता येत न्हाई. कितींदा वाटलं, उज्वलाला दाखवावं, पण त्याला शब्द दिला. तू शिकलेली हाय. तू वाच, आन मला एवढंच सांग, यानं माझ्या पोराचा फायदा हाय का तोटा."

मी खाटेच्या कडेला बसून वाचलं. वर खोडेची ऑर्डर, ‘व्हॉल्व्ह पिन’ असा स्पष्ट उल्लेख. त्याखाली पुण्याच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका सल्लागाराचं पत्र, दोन सप्टेंबरचं. पहिले चाळीस नग केल्यावर धम्मपालांना आकारावरून शंका आली असावी, म्हणून त्यांनी ड्रॉइंग पाठवून विचारलं होतं. उत्तर सरळ होतं. हे रायफलच्या भरीव गोळीचं ड्रॉइंग आहे, परवान्याशिवाय करू नये, आणि आत पोलादी पिनेची जागा असलेला नमुना कुणी मागितला तर तो मनाईतलाच समजावा. पत्राच्या तळाशी धम्मपालांच्या हातची ओळ: ‘काम बंद केले. महेशला फोनवर नाही सांगितले. ४/९.’

चोवीस वर्षांत कुठल्या आरोपीच्या बाजूने इतका स्वच्छ कागद मी पाहिला नव्हता. हे पत्र आणि दवाखान्याचा डिस्चार्ज एकत्र ठेवला असता तर जामिनाला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती.

शेवटचा कागद दुसरं ड्रॉइंग होतं, पोखरलेल्या नगाचं. त्याच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने मशीनच्या प्रोग्रामची आकडेमोड केलेली. इंग्रजी आकडे, ताठ अक्षर. कोपऱ्यात तारीख, आठ सप्टेंबर.

ते अक्षर मी दहा दिवसांपूर्वी माझ्याच टेबलावर पाहिलं होतं.

"सांग की," भिमाबाई म्हणाल्या. "फायदा का तोटा?"

"त्यांचा फायदा आहे, आजी."

"मग ने."

मी कागदांची घडी पहिल्यासारखी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग घडी परत अभ्र्यात सरकवली.

६

"आज मी बोलते, तुम्ही ऐका," जाळीपाशी मी धम्मपालांना म्हटलं. "चुकलं तर थांबवा."

त्यांनी थांबवलं नाही.

"आठ तारखेला तुम्ही दवाखान्यात होता, तुमची बायको तुमच्याजवळ. योगेश पुण्याला. सोमाला त्या मशीनची बटणं कळत नाहीत, आणि कारभारी दिवसा गाळ्यावर नसतो. राहिला एकच माणूस, ज्याला ड्रॉइंग वाचता येतं आणि प्रोग्रामही करता येतो. चिठ्ठीवरचे इंग्रजी आकडे तिचे. ड्रॉइंगवरची आकडेमोड तिची. खोडेचं वाक्यही खरंच आहे, ‘गांगुर्डे यांनी’ माल दिला. आपल्या भाषेत त्यावरून बाप की लेक ते कळत नाही. ते वाक्य तुम्ही मला दोनदा वाचायला लावलंत."

धम्मपालांनी डोळे पुसले नाहीत. नुसती उघडझाप केली.

"खोडेला मी नाही म्हणालो होतो," ते म्हणाले. "मी आजारी पडलो हे त्याला कळलं. तो नवं ड्रॉइंग घेऊन तिच्याकडे गेला. सांगितलं, तुझ्या पप्पांशी बोलणं झालंय, अर्जंट आहे. तिला पत्राचं काही माहीत नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं, म्हटलं कशाला पोरीला घाबरवा. घरी आलो त्या दिवशी ती किती खूश होती, मॅडम. पहिल्यांदा पूर्ण जॉब एकटीनं सेट केलेला. वीसच्या वीस नग मापात. मला ड्रॉइंग दाखवत होती."

"तुम्ही काय म्हणालात?"

"चांगलं केलंस, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग खोडेच्या मागे लागलो नग परत दे म्हणून. दहा दिवस तो फोनच उचलत नव्हता."

"तिला माहीत नव्हतं, हीच तिची बाजू आहे. आपण लढू शकतो. तिच्यासाठी चांगला वकील—"

"किती दिवस आत राहील?"

"ते आत्ताच सांगता येत नाही."

"एक दिवसही नाही, असं तुम्ही मला शब्द देऊन सांगा. मी आत्ता परवानगीवर सही करतो."

मला तसा शब्द देता आला नाही. कुठल्याच वकिलाला देता आला नसता.

"पोलिसांना हे वीस नग कुणाच्या तरी नावावर लावायचे आहेत," ते म्हणाले. "ते माझ्या नावावर लागलेत. राहू द्या. माझ्या परवानगीशिवाय तुम्ही हे कुठं बोलू शकत नाही ना?"

"नाही."

"मग माझी परवानगी नाही."

त्या दिवशी मी घरी जाऊन नियम पुन्हा वाचले, जणू चोवीस वर्षांत एखादी ओळ वाचायची राहून गेली असेल. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने उघड करायचं नाही. त्याच्याच भल्यासाठी मोडता येईल असा अपवाद त्यात नव्हता.

७

नोव्हेंबरमध्ये जामीन फेटाळला गेला. सरकारी वकिलांनी नुसती कलमं वाचून ‘मनाईतला माल’ आणि दहा वर्षं यांवरच सगळा भर दिला. न्यायाधीशांनी मला विचारलं, आरोपीच्या वतीने आणखी काही कागद? मी म्हटलं, नाही. मागच्या बाकावर सृष्टी वही घेऊन बसली होती. माझं ‘नाही’ ऐकून तिने पेन बंद केलं.

डिसेंबरात दोषारोपपत्राची प्रत मिळाली. ती टेबलावर होती आणि मी एका फोनसाठी बाहेर गेले होते. परत आले तेव्हा सृष्टी प्रयोगशाळेचा अहवाल वाचत होती. त्यातली माहिती मी इतके दिवस तिच्यापासून लांब ठेवली होती. आता ती शेवटच्या तक्त्यावर पोचली होती. डावीकडे चाळीस नग, भरीव. उजवीकडे वीस, आतून पोखरलेले, आणि पुढे निष्कर्ष.

"हे वीस मी केलेत," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसले.

"दहा वर्षं या विसांची आहेत? चाळिसांची नाहीत?"

उत्तर तिने माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण पुढचा प्रश्न तिने फार हळू विचारला. "फाईल पप्पांनीच काढली ना?"

"सृष्टी, मी यावर काही बोलू शकत नाही."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तेही सांगता येत नाही."

"मग मी आता काय करू, ते तरी सांगा."

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी उठून जवळ गेले असते. पण तिच्या भल्याचा एकेक शब्द तिच्या वडिलांच्या विरोधात जात होता, आणि वडिलांच्या भल्याचा एकेक तिच्या. "मी तुझी वकील नाही," मी म्हटलं. "तू दुसऱ्या कुणाचा तरी सल्ला घे. मी एक नाव देते." मी चिठ्ठीवर नाव आणि नंबर लिहिला. तिने ती चिठ्ठी घेतली, नीट घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

त्या वकिलाकडे ती गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला डिस्चार्जचा कागद घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेली. हे मला दुपारी कळलं, ती परत माझ्या ऑफिसात आली तेव्हा.

"सगळं सांगितलं," ती म्हणाली. "अगदी कोणतं टूल लावलं ते सुद्धा. साहेबांनी ऐकून घेतलं. वाईट नाहीत ते. म्हणाले, पोरी, बापासाठी प्रत्येक लेक असंच म्हणते. मागच्या महिन्यात एक आली होती, ती तर खून मी केला म्हणत होती. चहा पाजला मला. म्हणाले, अभ्यास कर."

"आणि कागद?"

"म्हणाले, खासगी दवाखान्याचे असे कागद खूप येतात. खरा असेल तर तुमच्या वकिलांना कोर्टात द्यायला सांगा." तिने तो कागद माझ्यासमोर धरला. सहा ते अकरा सप्टेंबर, डॉक्टरांची सही, शिक्का. "घ्या. द्या कोर्टात."

"मी तो घेऊ शकत नाही."

"म्हणजे पप्पांनी तुम्हाला नाही म्हणून सांगितलंय."

मी समोरची फाईल बंद केली. ती उभीच होती, हात तसाच पुढे. मग तिने हात खाली घेतला. "साहेब म्हणतात वकिलांना द्या, वकील म्हणतात मी घेत नाही," एवढंच म्हणाली, आणि खुर्ची टेबलाखाली सरकवून गेली.

पुढच्या आठवड्यात तिने माझ्या ओळखीचा तो वकील गाठला. त्याने तिला सांगितलं, खटला उभा राहू दे, साक्षी सुरू झाल्या की बघू. तारीख कधी लागेल, हे त्यालाही माहीत नव्हतं.

सोमवारी मी जेलात गेले. सृष्टी ठाण्यात गेली होती हे धम्मपालांना सांगायलाच हवं होतं. मी सांगितलं. चहापर्यंतचं सगळं. ऐकताना त्यांनी जाळी घट्ट धरली होती. साहेबांचा विश्वास बसला नाही हे कळल्यावर हात सुटला आणि ते मागे टेकले. मी त्यांना एवढं हलकं झालेलं आधी पाहिलं नव्हतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "देव नाही मानत मी, पण बरं झालं." मग थोड्या वेळाने, "तिची परीक्षा कधीपासून आहे?"

"सोळा तारखेपासून."

"बसेल ना ती?"

उज्वलाचा आदल्या रात्री फोन आला होता. सृष्टीने कॉलेज सोडलं होतं. वह्या बांधून माळ्यावर टाकल्या होत्या, आणि आता ती दिवसभर आजीच्या खाटेपाशी बसून असायची. बोलत नव्हती.

"बसेल," मी म्हटलं.